शीग

त्या दिवशी मापारी सकाळपासून तीनदा हात धुऊन आला होता. हात स्वच्छच होते. नळावर बादली भरणाऱ्या हमालाने विचारलंसुद्धा, "काय दादा, आज हातांना कुठे लग्नाला न्यायचंय का?" एरवी त्या हमालाला दोन शब्द परत दिल्याशिवाय मापारी हलला नसता. आज तो ओले हात शर्टाला पुसत तसाच आत गेला.

अकरा वाजता वजनमापाच्या तपासणीस बाई येणार होत्या. उद्यापासून धान्याच्या बाजारात पायली बंद आणि काटा चालू. पायली म्हणजे पितळी कडेचं, रुंद तोंडाचं लाकडी माप. मापाऱ्याच्या बापाने ते चाळीस वर्षं भरलं आणि त्याने स्वतः बावीस. आता एक पायली म्हणजे किती किलो, एवढं एकदा ठरलं की पायली माळ्यावर टाकायला सगळे मोकळे होते.

पायलीबद्दल वाईट वाटावं असं तिने कधी वागवलं होतं म्हणा कोणाला! एके काळी ज्या त्या बाजाराची पायली वेगळी. इथून पाच पायल्या भरून नेल्या की पलीकडच्या बाजारात त्या साडेचार भरायच्या, आणि वाटेत अर्धी कोणी खाल्ली यावरून गाडीवाल्याच्या गचांडीला हात जायचा. गाडीवाला बिचारा उपाशी. खाल्लेली असायची मापाने.

आणि माप एक असलं तरी मापाऱ्याला हात दोन असतात. पायलीत धान्य ओतत राहिलं की काठाच्या वर त्याचा डोंगर उभा राहतो. त्याला म्हणतात शीग. व्यापारी घेताना शिगेसकट घ्यायचा. देताना मात्र काठावरून लाकडी फळी फिरवून शीग खाली पाडायची आणि सपाट माप द्यायचं. ती पडलेली शीग व्यापाऱ्याच्या ढिगात परत. यात कोणाला चोरी वाटत नसे. सगळ्यांना ठाऊक असलेल्या चोरीला रीत म्हणायची पद्धत आहे, आणि बाजार रीतीवर चालतो.

बाजाराच्या मागच्या लांब छपरीत चाळीस बायका धान्य निवडायला बसत. खडे, काड्या, किडका दाणा बाजूला काढायचा आणि संध्याकाळी मजुरी घेऊन घरी जायचं. मजुरी धान्यातच मिळे. दाराशेजारच्या पत्र्याच्या पाटीवर लिहिलेलं होतं, 'रोज एक पायली'. सपाट की शिगेची, ते पाटीवर नव्हतं. पाटी लिहिली तेव्हा ते लिहायची गरज कोणाला वाटली नसावी, कारण तेव्हा मापाऱ्याचा बाप पायली भरत होता आणि बायकांची पायली तो शीग लावूनच द्यायचा.

बाप गेला आणि फळी मुलाच्या हातात आली, ते साल वाईट निघालं. बाजारात धान्यच येईना. तेव्हाचे व्यापारी म्हणाले, "बायकांची शीग तेवढी काढ बाबा. एवढं वर्ष निघू दे, पुढच्या वर्षी पुन्हा लावू." मापारी नवा होता, पंचवीस वर्षांचा होता, आणि घाबरट होता. त्याने फळी फिरवली. पुढच्या वर्षी धान्य आलं. शीग मात्र परत आली नाही. व्यापाऱ्यांनी आठवण काढली नाही आणि यानेही तोंड उघडलं नाही. एक वर्ष, दोन वर्षं, आणि मग त्याचीही रीत झाली. जुन्या बायका एकेक करून गेल्या, नव्यांना वाटलं पायली अशीच असते. बापाच्या हातची शिगेची पायली नेलेली बाई त्या छपरीत आता एकच उरली होती, आणि ती मापाऱ्याची थोरली बहीण होती.

तिला सगळे आक्का म्हणत. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता आणि ती अठराची. तिने याचं नाक पुसलं, याला शाळेत ओढत नेलं, याच्या लग्नात पंगतीला उभी राहून वाढलं, आणि स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. ज्या दिवशी त्याने पहिल्यांदा फळी फिरवली, त्या संध्याकाळी तिने पिशवीत बघितलं आणि हळूच विचारलं होतं, "शीग कुठे गेली रे धाकट्या?"

"एवढं वर्ष, आक्का," तो म्हणाला होता.

दुसऱ्या वर्षी तिने विचारलं नाही. नंतर कधीच विचारलं नाही. रोज संध्याकाळी ती त्याच्यासमोर पिशवी धरायची, तो फळी फिरवायचा, आणि दोघंही पिशवीकडे बघायचे.

आदल्या दिवशी दुपारी व्यापाऱ्यांच्या संघाचे अध्यक्ष स्वतः चालत मापाऱ्याकडे आले होते. हा माणूस एरवी बोट वाकवून बोलावणारा. स्वतः आला म्हटल्यावरच मापाऱ्याने हातातली फळी खाली ठेवली.

"उद्या बाई विचारतील, मजुरीची पायली कशी भरायची," अध्यक्ष म्हणाले. "त्यांच्या कागदात तसा रकानाच आहे. मापाऱ्याने सांगायचं आणि खाली सही करायची. तुझा शब्द शेवटचा. काय सांगशील?"

मापारी पायलीची पितळी कड पुसत राहिला.

"अरे, एवढा कसला विचार? सपाट देतोस ना? मग सपाट सांग. यात खोटं काय आहे?"

यात खोटं काही नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

"नवीन काट्यावर माणूस लागणारच आहे," अध्यक्ष जाता जाता म्हणाले. "मी म्हटलं, आपला घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? पण तोलून-मापून बोलणारा हवा बाबा."

मापाऱ्याचं वय सत्तेचाळीस. पायलीशिवाय दुसरं काही त्याच्या हाताला येत नव्हतं. काट्यावरची जागा गेली तर घरात चूल कशावर पेटायची? पण खरं सांगायचं तर त्याला नोकरीपेक्षा दुसरीच भीती जास्त होती. शीग सांगितली की चाळीस बायका विचारणार, मग इतकी वर्षं आम्हाला काय देत होतास? झाकली मूठ बावीस वर्षं झाकून ठेवली की बोटं आखडतात.

तपासणीस बाई अकराला पाच मिनिटं कमी असतानाच आल्या. वयाने लहान, अंगाने बारीक, आणि हातात त्यांच्याच वजनाची वाटावी अशी पेटी. पेटीत पितळेची वजनं उतरत्या भांजणीने बसवलेली. त्यांना त्या बोट लावत नव्हत्या, चिमट्याने उचलत होत्या. छपरीच्या मधोमध काटा मांडला. जमिनीवर स्वच्छ चादर अंथरली, चादरीवर पायली ठेवली. एका बाजूला अध्यक्ष आणि चार व्यापारी खुर्च्यांवर, दुसऱ्या बाजूला बायका. आक्का पुढेच बसली होती, मांडीवर घडी केलेली रिकामी पिशवी घेऊन.

"तीनदा भरायची," बाई म्हणाल्या. "तिन्हीतला मधला आकडा मी लिहिणार. मापारी, पद्धत?"

"बघा ना भरताना," मापारी म्हणाला. धड हो नाही, धड नाही नाही.

त्याने गव्हाची टोपली उचलली. रात्रभर त्याने एक युक्ती शोधून ठेवली होती. धान्य खांद्याच्या उंचीवरून ओतलं की दाणे आपटून घट्ट बसतात, आणि वर पायलीला गुडघ्याचा हलका धक्का दिला की आणखी मूठभर मावतं. फळी तर फिरवायची, पण सपाट मापातच बायकांना जमेल तेवढं जास्त बसवायचं. म्हणजे अध्यक्षही खूश आणि स्वतःचं मनही गप्प. माणूस भ्याला की फार हुशार होतो.

त्याने खांद्यावरून धार सोडली. गुडघा लागला. शीग उभी राहिली. त्याने फळी उचलली, आक्काकडे न बघता काठावरून फिरवली, आणि डोंगर चादरीवर पसरला.

"तीन किलो तीनशे चाळीस," बाईंनी वाचलं.

"हात खाली घे रे," अध्यक्ष खुर्चीतून म्हणाले. आवाज गोड होता. "रोज एवढ्या उंचावरून ओततोस का? मॅडमना रोजचं दाखव."

अध्यक्षांचं अर्धं आयुष्य धान्यात गेलं होतं, त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नव्हतं. दुसऱ्या वेळी त्याने चादरीवरचा गहू आधी टोपलीत परत भरला, मग टोपली काठाजवळ आणून हळू ओतलं. फळी फिरली.

"तीन एकशे नव्वद." बाईंनी पेन्सिल थांबवली. "माप तेच, धान्य तेच, माणूस तोच. दीडशे ग्रॅम कुठे गेले?"

बायकांमधल्या एकीने घसा साफ केला. बाई उकिडव्या बसल्या आणि पायलीभोवती बघू लागल्या. पायलीवरून त्यांची नजर चादरीवर गेली. मूठभर गहू त्यांनी तळहातावर घेतला.

"आणि हे खाली पडलेलं? हे कोणाचं?"

बावीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. किती साधा प्रश्न! शाळेतलं पोरही विचारेल.

"ते ढिगात परत जातं," अध्यक्ष म्हणाले. "शीग आहे ती. धरत नाहीत."

"शीग?" बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे उत्सुकता शिगेला पोहोचते, ती? मला वाटायचं शीग म्हणजे एखादं शिखर असेल!"

व्यापारी मोठ्याने हसले. बायकाही हसल्या, सुटल्यासारख्या. मापारी हसला नाही आणि आक्काही हसली नाही. बाईंनी पडलेला गहू गोळा करून काट्यावर घातला. सहाशे दहा ग्रॅम.

"बरंच की हो," त्या म्हणाल्या. पाच माणसांच्या घरात एक वेळचं जेवण होतं त्यात, हे चाळीस बायकांना काट्याशिवाय कळत होतं. हसू थांबलं. "मजुरीच्या पायलीत ही शीग धरायची की नाही? मला हे नीट लिहायला हवं. एकदा लिहिलं की बदलता येणार नाही. इथे सगळ्यात जुनं कोण?"

बायकांनी आक्काकडे बघितलं.

आक्का उठली. तिचे गुडघे दुखत, उठायला तिला वेळ लागला. आता ती सांगणार. सांगू दे. तिने सांगितलं तर आपल्याला सांगावं लागणार नाही. असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याची त्याला लगेच शिसारीही आली.

"आजी, तुम्ही किती वर्षं आहात इथे?"

"चाळीस होतील."

"मजुरीला शीग मिळायची का कधी?"

आक्काने भावाकडे बघितलं. तो सहा वर्षांचा असताना शेजाऱ्याची काच फोडून आला होता, तेव्हा शेजाऱ्यासमोर तिने असंच एकदा त्याच्याकडे बघितलं होतं आणि 'याने नाही फोडली' म्हणाली होती. पुढचं वाक्य काय येणार ते त्याला कळलं.

"नाही," आक्का म्हणाली. "पहिल्यापासून सपाटच."

अध्यक्षांनी मान डोलावली. बाईंनी पेन्सिल कागदाला लावली. "तर मग तिसऱ्यांदा भरा आणि—"

"आक्का खोटं बोलतेय," मापारी म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा तो बहिणीविरुद्ध बोलला, आणि तेही चारचौघांत.

"गप्प बस रे," आक्का म्हणाली.

"नाही बसत. बाई, पायली शिगेची आहे. माझा बाप शिगेचीच द्यायचा. वाईट सालात एका वर्षासाठी शीग काढली, ती परत लावलीच नाही. बावीस वर्षं झाली."

"वेड लागलंय याला!" अध्यक्ष उभे राहिले. "पुरावा काय? कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. पुरावा मीच. रोज मीच काढत होतो की."

"कोणाच्या सांगण्यावरून?" बाईंनी विचारलं.

मापाऱ्याने अध्यक्षांकडे बघितलं. बावीस वर्षांपूर्वी सांगायला आलेल्यांत हे सगळ्यात मागे उभे होते, मिशी नुकती फुटलेली. नाव घेणं सोपं होतं.

"सांगितलं व्यापाऱ्यांनी," तो म्हणाला. "फळी फिरवली मी."

बाईंनी चिमटा पेटीवर ठेवला.

"कमी माप दिल्याचं तुम्ही स्वतः सांगताय. मला ते लिहावं लागेल. तुमचा परवाना जाईल, आणि परवाना नसलेला माणूस काट्यावरही बसू शकत नाही. हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. लिहा."

"मग शिगेसकट तीनदा भरा."

त्याने भरली. फळी त्याने भिंतीला टेकवून ठेवली होती. फळीविना हात मोकळा पडला, पण माप त्याच्या अंगात होतं. तीन सातशे नव्वद. तीन आठशे दहा. तीन आठशे. मधला आकडा तीन किलो आठशे. बाईंनी तो आकड्यांत लिहिला, अक्षरांत लिहिला, शिक्का मारला आणि कागद पुढे केला. मापाऱ्याने सही केली आणि छातीवरचा परवान्याचा पितळी बिल्ला काढून कागदाशेजारी ठेवला. अध्यक्ष चपला वाजवत निघून गेले, त्यांच्यामागून बाकीचे चौघे.

आता टाळ्या वाजतील, कोणी पाठ थोपटेल, असं वाटत असेल कोणाला तर त्याने चाळीस बायकांची एक वेळ रोज कापून बघावी. कोणी टाळी वाजवली नाही. तिखट जिभेची म्हणून जिला सगळ्या मिरची म्हणत, ती उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती शिव्या देईल असं त्याला वाटलं होतं. तिने दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझ्या धाकटीला मी सांगायचे," ती म्हणाली, "आणखी मागू नको गं, जास्त खाल्लं की पोट दुखतं. खरं वाटायचं तिला." तिने चादरीवरच्या गव्हाकडे बघितलं. "मापाने कमी पडत होतं होय रे दादा? मला वाटायचं मलाच पुरवून वापरता येत नाही."

मापाऱ्याने चादरीवर सांडलेला गहू गोळा करायला घेतला.

काटा उद्यापासून होता, म्हणून त्या दिवसाची मजुरी पायलीनेच द्यायची होती, आणि ती भरायला दुसरं कोणी नव्हतं. पाच वाजता बायका रांगेने आल्या. मापारी एकेक पायली शीग लावून भरत होता. कोणी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हतं. मिरचीने पिशवी धरली तेव्हा त्याने आपसूक एक मूठ वर टाकली. तिने ती मूठ उचलून चादरीवर परत ठेवली. "माझी आहे तेवढी दे," ती म्हणाली, "तुझी नको."

शेवटी आक्का आली. दिवसभर ती त्याच्याशी बोलली नव्हती. छपरीत आता ती दोघंच होती.

"खोटं कशाला बोललीस?" त्याने विचारलं.

"बावीस वर्षं गप्प बसले ते काय खरं बोलणं होतं?" आक्का फटकन म्हणाली. "तुझी नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. आपल्या भावाचं पोट बघितलं आणि एकोणचाळीस जणींचं नाही बघितलं. तुझ्यापेक्षा मी काही कमी नाही." तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती. "आज बोललास. उशीर केलास फार, पण बोललास. भर आता."

त्याने टोपली उचलली. एकोणचाळीस पायल्या भरताना हात स्थिर होता, ही चाळिसावी भरताना तो कापायला लागला. काठ भरला. काठाच्या वर गहू चढू लागला, घसरू लागला, पुन्हा चढला. तो थांबला.

"अजून," आक्का म्हणाली. "बाबांची याहून उंच असायची."

"राहत नाही गं आक्का. हात कापतोय. सांडतंय सगळं."

"सांडू दे," आक्का म्हणाली आणि पिशवी घेऊन चादरीवर खाली बसली. "वेचायला मी आहे. जन्मभर दुसरं केलंय काय मी?"